मागे राहणाऱ्यांचा हिवाळा

आमच्या परभणीत पारा सात-आठ अंशांवर उतरला, की वर्तमानपत्रात 'कडाक्याची थंडी' असा मथळा येतो. चौकात शेकोट्या पेटतात, माणसं कानटोप्या घालून चहाच्या टपरीवर उभी राहतात आणि जो तो 'यंदा लई थंडी' म्हणत दुसऱ्याकडे सहानुभूतीनं बघतो. चार-आठ दिवस हा कडाका टिकतो. संक्रांत झाली की दिवस तिळातिळानं वाढू लागतो आणि फेब्रुवारीत आपण पंख्यावरची धूळ पुसायला घेतो. हिवाळ्याशी आपली ओळख एवढीच.

माझी त्याच्याशी थोडी जास्त ओळख झाली, ती एका माणसामुळे. मी शाळेत होतो त्या काळात, दिवाळीच्या आगेमागे, आमच्या मोहल्ल्यात एक काश्मिरी शालवाले यायचे. पाठीवर भलंमोठं गाठोडं, डोक्यावर टोपी, गोऱ्या गालांवर लाली. आम्ही त्यांना शालवाले चाचा म्हणायचो. उधारीवर माल द्यायचे आणि उरलेले पैसे पुढच्या साली न्यायचे. वहीत नाव लिहून ठेवत. पण ती वही कुणासमोर उघडलेली मी पाहिली नाही. होळीच्या सुमाराला गाठोडं रिकामं झालं की परत जायचे.

एकदा मी त्यांना विचारलं, "चाचा, आपके यहाँ तो बर्फ गिरती है ना? बहुत मज़ा आता होगा."

चाचा हसले. "बर्फ दूर से अच्छी लगती है बेटा. हम तो उसी से बचकर यहाँ आते हैं."

स्वयंपाकघरातून अम्मीचा आवाज आला, "और घर के लोगां? उनो कां जाते?"

चाचांनी उत्तर दिलं नाही. हातातल्या शालीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. अम्मीचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पुढे वाचनाची थोडी गोडी लागली, काश्मीरचा इतिहास हाती लागला, तेव्हा लक्षात आलं की अम्मीनं भाकरी थापता थापता जे विचारलं होतं, त्यातच या इतिहासाची अर्धी गोष्ट आहे. हिवाळा आला की काश्मीर सोडून कोण जातं आणि मागे कोण राहतं?

आधी हा हिवाळा कसा असतो ते सांगतो. काश्मिरी माणूस थंडीचे सत्तर दिवस तीन हिश्शांत मोजतो. 21 डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंतचे 40 दिवस म्हणजे 'चिल्लई कलान', मोठा चिल्ला. त्यानंतरचे 20 दिवस 'चिल्लई खुर्द', धाकटा चिल्ला. आणि शेवटचे 10 दिवस 'चिल्लई बच्चा', म्हणजे पोर. फारसीत चाळीसला 'चिहिल' म्हणतात, त्यावरून हा चिल्ला आला. आपल्या दख्खनमध्येही पीर-औलियांच्या चिल्ल्याच्या जागा दाखवतात. सूफी साधक चाळीस दिवस एका जागी बसून, जगापासून तुटून साधना करतो, तो चिल्ला. काश्मीरमध्ये सगळं खोरंच चाळीस दिवस चिल्ल्याला बसतं, फरक इतकाच की ते स्वखुशीनं बसत नाही. नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो, छपराच्या वळचणीला बर्फाच्या सुळ्या लोंबतात. डिसेंबर 2024 मध्ये, चिल्लई कलानच्या तोंडावरच, श्रीनगरचा पारा उणे 8.5 अंशांवर गेला होता. गेल्या पन्नास वर्षांत डिसेंबरची इतकी थंड रात्र तिथं झाली नव्हती.

या थंडीची सगळ्यात जुनी गोष्ट 'नीलमत पुराणा'त आहे. हा काश्मीरचा संस्कृत ग्रंथ बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा असावा. तो सांगतो, की पूर्वी माणसांना या खोऱ्यात फक्त सहा महिने राहता यायचं. पीक काढायचं आणि थंडी सुरू व्हायच्या आत खोरं सोडायचं. मग सहा महिने तिथं पिशाचांचं राज्य. वसंतात माणसं परत यायची. असं चाललेलं असताना एका वर्षी चंद्रदेव नावाचा एक वृद्ध ब्राह्मण इतरांबरोबर गेला नाही, मागे राहिला. थंडीनं आणि पिशाचांनी त्याचे हाल हाल केले. भटकत भटकत तो नागांचा राजा नील याच्या दारी पोचला. नील प्रसन्न झाला, वर माग म्हणाला. म्हाताऱ्यानं स्वतःसाठी राज्य मागितलं नाही की सोनं मागितलं नाही. माणसांना इथं बाराही महिने राहता यावं, एवढंच मागितलं.

हे पुराण आहे, इतिहास नव्हे, हे मला कळतं. पण मला त्यात एक जुनी आठवण दिसते. या खोऱ्यात बाराही महिने राहणं ही माणसानं कधीतरी कमावलेली गोष्ट आहे, याची ती आठवण. नीलानं वर देताना काही विधी आणि सण पाळायला सांगितले. त्यात पहिला बर्फ पडण्याचा सण आहे. उबदार कपडे घालून बर्फावर बसायचं, आप्तेष्टांबरोबर खायचं, नवं मद्य प्यायचं, गाणं-बजावणं करायचं. ज्याची भीती वाटते त्याचंच स्वागत करायचं. धर्म बदलले, मद्य गेलं, पण पहिल्या बर्फाची मौज टिकली. आजही पहिला बर्फ पडला की एकमेकांना 'शीन मुबारक' म्हणतात. शीन म्हणजे बर्फ. त्या बर्फाची पुडी बांधून फसवून दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि त्यानं बेसावधपणे घेतली, की त्याच्याकडून मेजवानी वसूल करायची, अशीही रीत आहे.

आता राजे लोक काय करत होते ते पाहू. कल्हणानं बाराव्या शतकात 'राजतरंगिणी' लिहिली. त्यात अभिमन्यू राजाच्या काळची एक हकिकत आहे. दरवर्षी जबर बर्फ पडू लागला, तेव्हा राजा थंडीचे सहा महिने दार्वाभिसारात, म्हणजे दक्षिणेकडच्या डोंगरउतारांच्या उबदार मुलखात, जाऊन राहू लागला. आणि प्रजा? कल्हणाच्या या कथेतही तपाला बसणारा माणूस चंद्रदेवच आहे. राजा डोंगर उतरून गेला आणि म्हातारा पुन्हा मागेच राहिला.

अकबरानं 1586 मध्ये काश्मीर जिंकलं. त्यानंतर मुघल बादशहांच्या स्वाऱ्या तिकडे होऊ लागल्या, त्या उन्हाळ्यातल्या. बागा फुललेल्या असताना जायचं आणि घाटात बर्फ पडायच्या आत उतरायचं. जहांगीराला तर काश्मीरचं वेड. 1627 च्या शरद ऋतूत तिथून लाहोरकडे परतत असतानाच वाटेत त्याचा मृत्यू झाला. शालिमार बाग ज्यानं उभारली, त्या बादशहाच्या आठवणीतलं काश्मीर ट्यूलिपचं, केशराचं आणि चिनाराचं. चिल्लई कलान त्याच्या वाट्याला आला नाही.

पुढे डोग्रा राजवटीत, 1872 मध्ये, महाराजा रणबीरसिंहांनी हे जाणं-येणं सरकारी करून टाकलं. उन्हाळ्यात राजधानी श्रीनगर, हिवाळ्यात जम्मू. याला 'दरबार मूव्ह' म्हणतात. वर्षातून दोनदा कागदपत्रांच्या पेट्या, कारकून, अधिकारी, सगळा लवाजमा घाट ओलांडायचा. राजेशाही गेली तरी ही प्रथा राहिली. घोड्यांच्या जागी ट्रक आले एवढंच. 2021 मध्ये ती बंद करण्यात आली आणि 2025 च्या शरद ऋतूत पुन्हा सुरू झाली. जम्मूच्या बाजारपेठेचं पोट त्यावर आहे, दोन प्रदेशांना जोडणारा तो धागा आहे, असं तिचे समर्थक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण मला मात्र दर वेळी तो म्हातारा चंद्रदेवच आठवतो.

तर मित्रहो, जे गेले त्यांच्या तारखा मिळतात. जे मागे राहिले त्यांच्या तारखा मिळत नाहीत, वस्तू मिळतात. त्यातली पहिली वस्तू कांगडी.

कांगडी म्हणजे आतून मातीचं भांडं आणि बाहेरून वेताची वीण. आपल्याकडच्या छोट्या परडीसारखी दिसते, वर धरायला कडी. तळाशी बारीक कोळसा, त्यावर निखारे, निखाऱ्यांवर राख. राखेमुळे विस्तव धुमसत राहतो, भडकत नाही. सोबत एक लहानसा उलथना बांधलेला असतो, त्याला 'चालन' म्हणतात. ऊब कमी झाली की त्यानं राख जराशी हलवायची. एकदा भरली की पाच-सहा तास पुरते. कांगडी हा शब्द संस्कृतातल्या 'काष्ठांगारिका'वरून आला असं एक मत आहे. ते खरं असेल तर आपल्या अंगाराचं आणि या कांगडीचं नातं जुनं आहे. चरार-ए-शरीफची कांगडी नाजूक आणि रंगीत विणीसाठी नावाजलेली. नव्या नवरीला माहेरून सजवलेली कांगडी येते.

या कांगडीतलं शहाणपण लक्षात घ्या. लाकूड महाग, घर मोठं. अख्खी खोली तापवायची तर अर्धं जंगल लागेल. म्हणून गरिबानं खोली तापवायचा नाद सोडला आणि स्वतःपुरती ऊब सोबत घेतली. शरदात चिनाराची पानं लाल होऊन गळतात. आपण ती सिनेमात पाहतो आणि वा वा म्हणतो. काश्मिरी बायका ती पानं झाडून गोळा करतात, पेटवतात, पाणी शिंपडून विझवतात आणि त्याचा कोळसा पोत्यात भरून ठेवतात. चार महिन्यांचं जळण त्या झाडलेल्या पाचोळ्यातून निघतं.

कांगडीच्या जोडीला फेरन. गळ्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पोचणारा, ढगळ बाह्यांचा लोकरी अंगरखा, आत सुती अस्तराचा दुसरा. हात बाहीतून काढून आत घ्यायचे आणि कांगडी पोटाशी धरायची. अंगरखा म्हणजे तंबू आणि आत शेकोटी. अकबरानं काश्मिरींना मऊ करण्यासाठी हा पोशाख लादला अशी एक दंतकथा आहे. मला ती जेत्यांनी पसरवलेली वाटते. उन्हाळ्यात येऊन जाणाऱ्याला पोटाशी विस्तव धरून बसलेला माणूस आळशीच दिसणार. टिंडेल-बिस्को या इंग्रज मुख्याध्यापकांनी श्रीनगरच्या शाळेत मुलांना नावा वल्हवायला शिकवलं, मोठं काम केलं. पण फेरन आणि कांगडी यांच्यावर त्यांचाही राग होता.

तिसरी गोष्ट अन्न. खोऱ्याची मोठी वाट झेलमच्या काठानं बारामुल्ल्यावरून रावळपिंडीकडे जायची. त्या वाटेवर 1890 मध्ये गाडीरस्ता झाला. 1947 मध्ये तो तुटला. त्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये मिठाची टंचाई झाली, कारण मीठ त्याच वाटेनं यायचं. आणि काश्मिरी माणसाचा तर चहाही खारा, नून चाय. उरला बनिहालचा घाट, तो बर्फानं बंद. 1956 मध्ये घाटाखालून जवाहर बोगदा खुला झाला, तेव्हा हिवाळ्यातली ही कोंडी थोडी फुटली. 2025 मध्ये थेट रेल्वे आली. तरीही बर्फ जोराचा पडला की महामार्ग बंद होतो आणि बाजारात भाजी दिसेनाशी होते.

म्हणून उन्हाळ्यातच भाज्या वाळवायच्या. त्यांना म्हणतात 'होख स्युन', सुकी भाजी. भोपळ्याच्या चकत्या, टोमॅटो, शलजमाची कडी, वांग्याच्या फाका दोऱ्यात ओवून भिंतीवर टांगतात. वांग्याला काश्मिरीत 'वांगुन' म्हणतात, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर सांडगे, कुरडया, पापड घालतात. आपलं वाळवण पावसाळ्यासाठी, त्यांचं हिवाळ्यासाठी. ऋतू वेगळे, पण पुढच्या चार महिन्यांची काळजी करणारी बाई दोन्हीकडे एकच.

आता चौथी वस्तू, शाल. आणि इथं ही गोष्ट जरा कडू होते.

मराठी कवीला शालीबद्दल बोलायचा हक्क आहे असं मी मानतो. माझ्या कपाटात तेरा शाली आहेत, सगळ्या सत्काराच्या. बहुतेक एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात, घाम पुसत स्वीकारलेल्या. शाल म्हणजे सन्मान, हे आपल्याकडे पक्कं आहे. पण ज्यांनी ती जगप्रसिद्ध केली त्यांच्या खांद्यावर ती होती का?

पश्मिना येतो लडाखच्या चांगथांग पठारावरून. चार हजार मीटरपेक्षा उंच, हिवाळ्यात उणे 30 अंशांच्याही खाली जाणारा तो मुलूख. तिथल्या बकरीला जगायचं म्हणून केसांखाली मऊ लोकर येते. थंडी जितकी कडक, लोकर तितकी तलम. वसंतात ती विंचरून काढतात आणि श्रीनगरला ती कातली, विणली जाते. कातणाऱ्या बायका, विणणारे पुरुष आणि पोरं. एकोणिसाव्या शतकात या शालींनी युरोपला वेड लावलं. श्रीमंत घरच्या नवऱ्या मुलीच्या आहेरात काश्मिरी शाल हवीच, असा तो काळ.

त्या वेळी काश्मीरमध्ये 'दाग-शाल' नावाचं सरकारी खातं होतं. प्रत्येक शालीवर त्याचा शिक्का, प्रत्येक शिक्क्यामागे कर. विणकराची मजुरी इतकी तुटपुंजी आणि कर इतका जबर, की तो कर्जातून बाहेर येत नसे. त्याला धंदा सोडायची मुभा नव्हती आणि खोरं सोडायचीही नव्हती. घाटांवर पहारे होते, परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे. तरी कितीतरी विणकर रातोरात घाट ओलांडून पळाले आणि अमृतसर-लुधियानाकडे शालीचे माग उभे राहिले. लक्षात घ्या, राजाला थंडी सोसवेना तेव्हा तो जाऊ शकत होता. ज्याच्या हातातून जगाची ऊब विणली जात होती, त्याला मात्र जायला बंदी होती.

29 एप्रिल 1865 रोजी श्रीनगरचे विणकर कर कमी करा म्हणत मोर्चा घेऊन निघाले. झालडगर इथं सैन्यानं त्यांना घेरलं. पळताना कित्येक जण पाण्यात पडून बुडाले. 28 मृतदेह काढले असं सांगतात. कामगारांच्या चळवळीचा इतिहास आपण शिकागोपासून सुरू करतो. ते हत्याकांड 1886 चं. हे त्याच्या 21 वर्षं आधीचं. पाचच वर्षांनी, 1870 मध्ये, फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. युरोपातली फॅशन बदलली, शालींची मागणी कोसळली आणि जे उरले होते तेही विणकर उघड्यावर पडले.

मागे राहण्याची किंमत शरीरानंही मोजली. डॉक्टर एल्मस्ली नावाचे मिशनरी 1865 मध्ये श्रीनगरला आले. एक विशिष्ट कर्करोग इथल्या लोकांना पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला होतो, असं त्यांच्या ध्यानात आलं. वर्षानुवर्षं कांगडीची धग जिथं लागते तिथंच. 1866 मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. 'कांगडी कॅन्सर' हे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत गेलं ते कायमचं. जी वस्तू जगवते तीच जाळते, हे काश्मिरी माणसाला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. पण विस्तव नाही तर काय, याचं उत्तर डॉक्टरांकडेही नव्हतं.

आणि 1990 नंतरच्या वर्षांत तर फेरनच संशयाचं झालं. हात आत असतात, आत काय आहे ते दिसत नाही. तपासणी नाक्यावर माणसानं फेरन वर उचलून दाखवायचा आणि आतली कांगडी पुढे करायची. डिसेंबर 2018 मध्ये शिक्षण खात्याच्या एका आदेशानं कार्यालयात फेरन घालून यायला मनाई केली. लोकांनी गदारोळ केला, तो मागे घ्यावा लागला. आता 21 डिसेंबर हा दिवस तिथली तरुण पोरं फेरनचा दिवस म्हणून साजरा करतात.

त्याच 1990 च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलानमध्ये, काश्मिरी पंडितांच्या स्थलांतराला सुरुवात झाली. नीलमतातल्या माणसांसारखे ते वसंतात परत येण्याच्या आशेनं गेले, आणि तो वसंत आला नाही. ज्यांना उणे थंडीची सवय होती त्यांनी जम्मूच्या तंबूंत उन्हाळे काढले. तिथं कित्येक जण उष्माघातानं आणि सर्पदंशानं गेले. पंडितांमध्ये मकर संक्रांतीला एक रीत आहे. आपण त्या दिवशी तिळगूळ वाटतो. ते आपल्या पितरांच्या नावानं विस्तवाची कांगडी दान करतात. मेलेल्या माणसालाही थंडी वाजत असेल, ही काळजी. ही रीत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कितीतरी वेळ मला काही सुचलं नव्हतं.

2009 च्या जानेवारीत एका कविसंमेलनाच्या निमित्तानं मी श्रीनगरला गेलो. दोन स्वेटर, कोट, मफलर, सगळं अंगावर, आणि तरी कविता वाचताना दात एकमेकांवर वाजत होते. लोकांना वाटलं मी भावनेनं थरथरतोय, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात चाचांचं घर शोधलं. पत्ता अब्बांच्या डायरीत होता. चाचा आता सत्तरीच्या पुढे गेलेले, गुडघे धरलेले. 1989 नंतर ते आमच्याकडे आलेच नव्हते. त्यांनी मला ओळखलं ते अब्बांच्या नावानं. फेरन माझ्या अंगावर चढवला, कांगडी आत सरकवली आणि ती गुडघ्यांमध्ये कशी सांभाळायची ते लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. दहा मिनिटांत मी माणसात आलो. त्यांच्या पायांच्या नडग्यांवर धगीनं उठलेली काळपट जाळी दिसत होती.

चाचीही तिथंच बसल्या होत्या. त्यांना उर्दू थोडंच यायचं, मुलगा सांगत होता. मी त्यांना अम्मीचा तो जुना प्रश्न सांगितला. त्या खूप हसल्या. मग भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं वाळलेल्या भोपळ्याच्या आणि वांग्याच्या माळा टांगलेल्या होत्या. मुलानं अर्थ सांगितला, "अम्मी कह रही हैं, हम यहीं थे. बीस साल ये आपके यहाँ जाते रहे, हम यहीं थे. कोयला भी हमने बनाया, छत की बर्फ भी हमने गिराई." चाचा खाली बघत चालननं कांगडीतली राख हलवत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मैं बचकर जाता था, ये सच है. पर नींद नहीं आती थी बेटा, आपके यहाँ की गर्म रात में."

तेव्हा मला माझ्या हिशेबातली चूक उमगली. जाणारे सगळे राजे नसतात. राजा कागदपत्रांच्या पेट्या घेऊन जातो, गरीब गाठोडं घेऊन जातो. एक थंडी टाळायला जातो, दुसरा मागे राहिलेल्यांच्या चुलीसाठी. दोघांना एका ओळीत बसवणं बरोबर नाही. आणि चंद्रदेव म्हातारा ब्राह्मण होता असं पुराण म्हणतं. माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून तो कोळसा करणाऱ्या बाईच्या रूपात आहे.

आता तिथंही विजेची पांघरुणं आली आहेत, गॅसच्या शेगड्या आल्या आहेत. मशिदींच्या हमामात खालून लाकूड पेटवून तापवलेल्या फरशीवर म्हातारे अजूनही गप्पा मारत बसतात. वीज मात्र थंडीतच जास्त जाते आणि वीज गेली की घराघरात कांगडी बाहेर येते.

निघताना चाचींनी अम्मीसाठी वाळलेल्या भोपळ्याची पुडी दिली. अम्मीनं ती पाण्यात भिजवली, तुरीच्या डाळीत घालून शिजवली, चाखली आणि म्हणाली, "अपने सांडग्यां जैसा इच है. धूप ज़रा कम लगी." पुढच्या दिवाळीनंतर चाचांचा मुलगा गाठोडं घेऊन परभणीला आला. जाताना अम्मीनं त्याच्या पिशवीत कुरडया आणि ज्वारीचे पापड बांधून दिले. महिनाभरानं फोन आला. कुरडया फार आवडल्या, पण त्या तिकडे कुणी तळल्या नव्हत्या. मटणाच्या रश्शात शिजवून भाताबरोबर खाल्ल्या होत्या. अम्मी जरा खट्टू झाली. मग म्हणाली, "खाने दे. उनकू थंड में रस्सा इच लगता."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)